गरम झाली की बंद, अर्ध्या तासाने पुन्हा चालू: जुन्या गाडीचं हे दुखणं पकडायचं कसं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमची गाडी हेच करत असेल तर पुढे वाचा, नसेल तर उगाच वेळ घालवू नका. सकाळी थंड असताना अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते, पिकअप ठीक, आयडलिंग ठीक. पंचवीस तीस मिनिटं झाली, विशेषतः सिग्नलला किंवा चढावर हळू चाललो असलो की मिसिंग सुरू होतं, एक दोन झटके आणि बंद. मग कितीही सेल्फ मारा, इंजिन नुसतं फिरतं, पकडत नाही. बोनेट उघडून उभं राहायचं, जाणाऱ्या येणाऱ्यांचे सल्ले ऐकायचे आणि अर्ध्या तासाने चावी फिरवली की काही झालंच नव्हतं अशा थाटात चालू. आणि गॅरेजला नेऊन लावली की तिथे दिवसभर एकदाही बंद पडत नाही, म्हणजे आपणच खोटे.

माझी गाडी ३५ वर्षांच्या पुढची आहे. चार सिलिंडर, कार्बोरेटर, पॉइंट कंडेन्सरवालं इग्निशन (पॉइंट म्हणजे इग्निशनचा करंट जोडणारी आणि तोडणारी छोटी जोडी, कंडेन्सर म्हणजे ती उघडताना तिथली ठिणगी शोषणारा छोटा डबा) आणि इंजिनच्या कॅमवर चालणारा मेकॅनिकल पेट्रोल पंप. इंजेक्शनवाली गाडी असेल तर यातलं बरंचसं लागू होणार नाही, त्यांच्यात हेच लक्षण क्रँक सेन्सर गरम होऊन मरण्याचं असू शकतं, तो वेगळा विषय.

मी या एका दुखण्यावर वर्षभर घालवलं. पेट्रोल फिल्टर बदलला, कार्बोरेटर दोनदा खोलून साफ केला (पहिल्या वेळी "कचरा आलाय" म्हणून आणि दुसऱ्या वेळी पहिल्यांदा नीट साफ झाला नसेल म्हणून), टाकी रिकामी करून धुतली, प्लग बदलले आणि कॉइल (बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करून स्पार्क देणारा डबा) दोनदा बदलली. कॉइल बदलली की दोन तीन महिने गाडी गुणी बाळासारखी वागायची आणि मग पुन्हा तेच. खरं तर हीच सगळ्यात मोठी खूण होती, पण आपण तेव्हा कॉइलचीच क्वालिटी वाईट म्हणून शिव्या देत असतो.

मधल्या काळात एका जाणकाराने ओल्या फडक्याचा उपाय सांगितला. गाडी बंद पडली की पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, वर थोडं पाणी ओतायचं, दहा पंधरा मिनिटं थांबायचं, चालू होते. आणि खरंच व्हायची. त्यामुळे माझी पक्की खात्री झाली की हा व्हेपर लॉक आहे, पेट्रोलची वाफ होतेय. मी पंपाला पत्र्याचा आडोसा केला, पाइपला फॉइल गुंडाळलं, एका उन्हाळ्यात तर पाण्याची बाटली आणि फडकं डिकीत कायम. एके दिवशी बाटली घरी राहिली आणि गाडी बंद पडली, काही इलाज नाही म्हणून नुसता बसून राहिलो, तर बरोबर पंधरा मिनिटांनी चालू! म्हणजे फडक्याने काहीच होत नव्हतं, जे होत होतं ते पंधरा मिनिटांनी होत होतं. तेवढ्या वेळात पंप पण थंड होतो, कॉइल पण थंड होते, कंडेन्सर पण आणि आपलं डोकं पण.

म्हणून पहिली गोष्ट, गाडी मेलेली असतानाच तपासायची. जिवंत झाल्यावर तपासून काही हाती लागत नाही. बंद पडल्यापासून साधारण दहा मिनिटं तुमच्याकडे असतात, त्यात सेल्फ मारत बसलात तर बॅटरी पण जाते आणि प्लग ओले होऊन खरा प्रॉब्लेम झाकला जातो. मी एक छोटी पिशवी करून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवली. एक जुना पण चांगला प्लग, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, साधा मल्टिमीटर, दोन्ही टोकांना मगर क्लिप लावलेली दीड मीटर वायर, स्क्रू ड्रायव्हर, बॅटरी टॉर्च आणि एक वही. वही हसण्यावारी नेऊ नका.

बंद पडली की पहिलं काम पेट्रोल बघणं. एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्बोरेटरच्या घशात टॉर्च मारा आणि अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा हाताने झटकन ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली पाहिजे. दिसली म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवायच्या वाटीत) पेट्रोल आहे आणि त्या क्षणी गाडी पेट्रोलवाचून मेलेली नाही. पिचकारी नसेल, नुसतं कोरडं असेल तर पेट्रोलच्या बाजूला जा (खाली येतोच त्यावर). तिसरी शक्यता म्हणजे घसा ओलाचिंब, पेट्रोलचा उग्र वास आणि चालू करताना काळा धूर, म्हणजे उलट जास्त झालंय. गरम इंजिन बंद करून पाच दहा मिनिटं उभं ठेवलं की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून आत सांडतं, त्याने हे होतं. अशा वेळी चोक न लावता पेडल पूर्ण दाबून धरायचं आणि सेल्फ मारायचा, पंप करायचं नाही, सुकली की पकडते.

माझ्याकडे पिचकारी व्यवस्थित होती. एक वर्ष मी पेट्रोलच्या मागे होतो आणि पेट्रोल तिथेच होतं.

दुसरं काम स्पार्क. एका प्लगची वायर काढून पिशवीतल्या प्लगला लावा, प्लगची बॉडी इंजिनच्या स्वच्छ धातूला घट्ट टेकवा, नुसती हातात धरून नाही, नाहीतर झटका बसेल तो बसेलच आणि रिझल्ट पण चुकीचा येईल. आणि आधी एअर फिल्टरचं झाकण परत लावा, स्पार्क कार्बोरेटरपासून लांब घ्या, उगाच आग नको. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळसर पांढरा, टक टक आवाज येणारा स्पार्क म्हणजे ठीक. बारीक, पिवळट, कधी येतोय कधी नाही असा असेल किंवा नसेलच, तर आजार इग्निशनमध्ये. मग कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने स्पार्क वाटणाऱ्या भागाच्या) टोपणाच्या मधोमध येणारी जाड वायर काढून त्याच प्लगवर स्पार्क बघा. इथे चांगला आणि प्लगला वाईट, तर टोपण किंवा रोटर (टोपणाच्या आत फिरणारा तुकडा). इथेच वाईट, तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर किंवा त्यांना जाणारा करंट.

माझ्याकडे इथेच पिवळा, मरतुकडा. आणि कॉइलला हात लावला तर चटका बसला. चालत्या गाडीची कॉइल गरम असतेच, त्यात नवल नाही, पण ही अशी होती की बोट टेकवून ठेवता येत नव्हतं.

आता खरी गंमत. पॉइंटवाल्या गाडीत दोन प्रकारच्या कॉइल येतात, बाहेरून दोघी जुळ्या बहिणी, तोच डबा, तोच क्लॅम्प, तेच दोन बोल्ट. एकीच्या आतल्या प्रायमरीचा (बारा व्होल्टच्या बाजूच्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स साधारण ३ ओहम असतो, ती थेट बारा व्होल्टवर चालते. दुसरीचा साधारण १.५ ओहम, ती एकटी चालवायची नसते, तिच्या आधी बॅलास्ट म्हणजे अजून साधारण दीड ओहमचा रेझिस्टर लागतो. हा रेझिस्टर काही गाड्यांत पांढऱ्या सिरॅमिकचा बोल्टने लावलेला असतो आणि काही गाड्यांत दिसतच नाही, कारण वायरिंगमध्येच एक खास रेझिस्टन्सवाली वायर टाकलेली असते. कंपनीने हे का केलं, तर सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्टेज खाली येतात, तेव्हा बॅलास्टला वळसा घालून कॉइलला थेट करंट देता येतो, थंडीत स्पार्क चांगला मिळतो. चावी सोडली की परत बॅलास्टमधून.

माझ्या गाडीत ही वायर वायरिंगच्या आत होती. होती, म्हणजे कधीकाळी. माझ्या आधीच्या कुठल्यातरी मालकाच्या काळात वायरिंग जळलं असावं, कोणीतरी इग्निशन स्विचपासून कॉइलपर्यंत साधी तांब्याची वायर ओढली, वर काळी टेप गुंडाळली, काम झालं. गाडी चालू झाली, उलट स्पार्क जरा दणदणीत मिळाला असेल, दोघंही खूश. आणि मी दर वेळी कॉइल घ्यायला गेलो की दुकानदार म्हणायचा "जुनी दाखवा, तशीच देतो", आणि तो अगदी प्रामाणिकपणे तशीच द्यायचा, दीड ओहमची. कॉइल बरोबर होती, दुकानदार बरोबर होता, तिच्या आधीचा रेझिस्टन्स कोणीतरी खाऊन टाकला होता.

हिशोब करून बघा. पॉइंट जुळलेले असताना १२ व्होल्टला ३ ओहम म्हणजे ४ अँपिअर. दीड ओहमची कॉइल आणि दीडचा बॅलास्ट, तरी ४ अँपिअरच, आणि कॉइलमध्ये फक्त २४ वॉट उष्णता, बाकीची बॅलास्टमध्ये. बॅलास्ट काढून टाकला की ८ अँपिअर आणि कॉइलमध्ये एकदम ९६ वॉट. चौपट! इंजिन चालू असताना पॉइंट सारखे उघडझाप करतात म्हणून प्रत्यक्षात याहून कमी, पण इंजिन बंद आणि चावी ऑन ठेवून कोणी गाणी ऐकत बसलं आणि नेमके पॉइंट जुळलेल्या जागी थांबले असले तर हे सगळे ९६ वॉट सतत त्या बंद डब्यात. आतलं इन्सुलेशन हळूहळू मरतं, आधी फक्त गरम असताना दगा देतं, थंड झालं की परत उभं राहतं. पॉइंट पण जळतात, कारण एवढा करंट तोडायला ते बनवलेले नाहीत. मी पॉइंट पण सारखे घासत होतो, ते याच्याचमुळे.

तपासायचं कसं, तर कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी काढून मीटर ओहमवर लावून प्लस मायनसमध्ये मोजा. त्याआधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघा काय दाखवतो, स्वस्त मीटर तिथेच ०.३ किंवा ०.५ दाखवतो, तेवढं वजा करा, नाहीतर दीड आणि तीनमधला फरक कळणार नाही. आणि थंड असताना मोजा, कारण तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ६० डिग्री जास्त तापलेली ३ ओहमची कॉइल पावणेचारच्या आसपास दाखवेल आणि तुम्ही चांगली कॉइल फेकून द्याल. दुसरं, वायरी परत लावून चावी ऑन करा, पॉइंट जुळलेले ठेवा (क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन थोडं फिरवा) आणि कॉइलच्या प्लसवर व्होल्ट मोजा. बॅलास्ट शाबूत असेल तर सहा ते नऊच्या मधे कुठेतरी दाखवेल. बारा दाखवत असेल तर मधे रेझिस्टन्स नाही, आणि मग कॉइल ३ ओहमचीच हवी.

उपाय दोन. एक तर बाहेरून सिरॅमिक बॅलास्ट लावा, तो भाजण्याइतका गरम होतो म्हणून पत्र्याला बोल्ट करायचा, प्लास्टिक आणि वायरींपासून लांब. किंवा दीडची कॉइल काढून ३ ओहमची लावा आणि विषय संपवा. मी दुसरं केलं, एक सुटा भाग कमी म्हणजे उद्या मरायला एक गोष्ट कमी. उलटी चूक पण होते बरं का, बॅलास्ट जिवंत असलेल्या गाडीला ३ ओहमची कॉइल लावली तर जळत काही नाही पण स्पार्क कायम अशक्त. आणि बॅलास्टच तुटला असेल तर त्याचं लक्षण इतकं मजेशीर आहे की एकदा कळलं की विसरत नाही: सेल्फ मारताना इंजिन पकडतं आणि चावी सोडली की त्याच क्षणी बंद.

तर कॉइल बदलली, आणि पाच महिने गाडी एकदाही बंद पडली नाही. वहीत "संपलं" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

मग परत बंद पडली.

पण या वेळी वही कामाला आली. आधी बंद पडायची ती मिसिंग येऊन, फाट फाट करत. आता मात्र मोठ्या रस्त्यावर वेगात असताना हळूहळू दम गेल्यासारखी झाली, दोनदा ओढ खाल्ली आणि गप्प. झाकण काढलं, पिचकारी नाही, घसा कोरडा. स्पार्क निळाजर्द. म्हणजे लक्षण लांबून तेच पण आजार दुसरा. पेट्रोल पंपाकडे बघायच्या आधी सहज टाकीचं झाकण उघडलं आणि फुस्सकन हवा आत गेली, चांगली लांब. झाकण परत लावलं, चार सेल्फमध्ये चालू.

हे झाकण माझंच पाप. ओरिजिनल झाकणाचं लॉक मोडलं होतं, मिळेना, मग दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं बसतंय म्हणून लावलं. बसलं छान. पण मूळ झाकणात हवा आत घ्यायची सोय होती, टाकीतलं पेट्रोल कमी होईल तशी हवा आत यायला हवी, नवीन झाकण ज्या गाडीचं तिच्यात ती सोय वेगळ्या पाइपने असणार. माझी टाकी बंद बाटलीसारखी झाली, पंप ओढून ओढून थकला. टाकी फुल असताना लवकर व्हायचं, अर्धी असताना उशिरा, कारण वर मोकळी हवा जास्त. झाकणाला भोक पाडायचा सल्ला मिळेल, मलाही मिळाला, पाडू नका, टाकी भरलेली असताना वळणावर पेट्रोल बाहेर येतं आणि वाफ तर कायमच. हवेची सोय असलेलं झाकण शोधा, तेवढे दिवस जुनं मोडक्या लॉकचं लावून फिरा.

तर मला एवढंच कळलंय की जुन्या गाडीत नवीन बिघाड क्वचित येतो, बहुतेक बिघाड हे आधीच्या रिपेअरचे असतात. "काय खराब झालंय" याच्या आधी "शेवटचा हात कुठे लागला होता, आणि तिथे जे लावलं ते नुसतं बसलं की चाललं" हे विचारायचं. सुटे भाग मिळत नाहीत म्हटल्यावर आपण सगळेच बसेल ते लावतो, मी पण, आणि त्या भागाचं न दिसणारं काम काय होतं हे विसरतो.

याच धर्तीची अजून काही ठिकाणं सांगतो, गरम झाल्यावर बंद पडण्याचीच.

कार्बोरेटरच्या खाली जाड बेकलाइटचा तुकडा असतो, पंपाच्या खाली पण बऱ्याच इंजिनात असतो. कोणीतरी खोलताना तो फुटतो आणि त्याजागी कागदी गॅस्केट येतं. तो तुकडा उष्णता अडवायला होता, आता इंजिनचा सगळा ताप फ्लोट चेंबरला. पंपाच्या खालचा तर अजून एक काम करतो, पंपाचा दांडा किती आत जातो ते त्याच्या जाडीवर ठरतं, त्यामुळे जाडी मोजून तेवढीच ठेवायची, अंदाजे नाही.

पेट्रोलचा रबरी पाइप. टाकीपासून पंपापर्यंतचा भाग ओढीवर चालतो, म्हणजे तिथे बारीक चीर असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली डाग नाही म्हणून पाइप चांगला असं समजू नका. शिवाय ओढीमुळे तिथे दाब कमी, आणि दाब कमी म्हणजे पेट्रोल अजून लवकर उकळणार. पेट्रोलमधले हलके घटक तसेही ३५ ते ४० डिग्रीलाच वाफ व्हायला लागतात. त्यामुळे खराखुरा व्हेपर लॉक असतो, नाही असं नाही, पण त्याच्यामागे बऱ्याच वेळा म्हातारा पाइप, सायलेन्सरच्या पाइपला चिकटून गेलेली लाइन किंवा दमलेला पंप असतो. पंपाच्या बॉडीला खाली एक बारीक भोक असतं, तिथून पेट्रोल टिपकत असेल तर डायफ्राम (पंपातला पेट्रोल ओढणारा लवचिक पडदा) फाटलाय. आणि डिपस्टिक काढून वास घ्या, ऑइलची पातळी वाढलीय आणि पेट्रोलचा वास येतोय तर तोच डायफ्राम आतल्या बाजूला गळतोय, अशी गाडी चालवू नका, पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला आवडत नाही, पाइप आतून फुगतो, चिकट होतो आणि त्याचे काळे कण जेटमध्ये (कार्बोरेटरच्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात) येतात, मग आपण म्हणतो कचरा आला. पाइपवर छापलेलं वाचा, एसएई जे ३० आर ९ लिहिलेला घ्या, आतून चांगल्या रबराचा असतो. पारदर्शक प्लास्टिकची नळी दिसायला छान पण कडक होऊन सुटते, बोनेटखाली नकोच.

इग्निशनच्या बाजूला सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आतली अर्थिंगची बारीक लवचिक वायर. पॉइंटची प्लेट व्हॅक्यूमने मागेपुढे हलते, तिच्याबरोबर ही वायर वर्षानुवर्षं वाकते आणि आवरणाच्या आत तुटते, वरून अख्खी दिसते. अ‍ॅक्सिलरेटर दिला की तोडते, सोडला की जोडते. हाताने प्लेट हलवत मीटर लावून बघितल्याशिवाय कळत नाही. सोल्डरिंग करणार असाल तर खूप बारीक तारांची मऊ वायर घ्या, साधी घरातली वायर महिन्यात तुटेल.

पॉइंट उघडतायत की नाही हे बघायला टेस्ट लॅम्प कॉइलच्या मायनसला आणि बॉडीला लावा आणि सेल्फ मारा. लुकलुकतोय तर ठीक. सतत पेटलेला, तर पॉइंट जुळत नाहीयेत किंवा ती अर्थिंगची वायर गेलीय. सतत विझलेला, तर एक तर करंटच येत नाही, नाहीतर पॉइंट उघडत नाहीयेत किंवा कंडेन्सर शॉर्ट. करंट येत नसेल तर मगर क्लिपवाली वायर बॅटरीच्या प्लसपासून थेट कॉइलच्या प्लसला लावा, चालू झाली तर इग्निशन स्विच किंवा त्याचं वायरिंग. पण लक्षात ठेवा, मग चावीने गाडी बंद होणार नाही, वायर काढूनच बंद करायची, आणि बॅलास्टवाल्या कॉइलवर हे घरी पोचेपर्यंतच.

कंडेन्सरबद्दल एक गोष्ट. नवीन मिळणारे कंडेन्सर आणि रोटर भरवशाचे असतीलच असं नाही, मी नवीन लावून गाडी बिघडवलीय आणि जुना परत लावून सुधारलीय. म्हणून जुना चालू भाग कधीच फेकायचा नाही, चिकटपट्टीवर तारीख लिहून डबीत. कंडेन्सर तुमच्याच गाडीचा मिळायला हवा असं काही नाही, चार सिलिंडरच्या कुठल्याही पॉइंटवाल्या गाडीचा ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडमधला चालतो. डिस्ट्रिब्युटरच्या आत बसला नाही तर बाहेर कॉइलच्या शेजारी बॉडीला स्क्रूने घट्ट लावा, वायर कॉइलच्या मायनसला, तिथे तो गरमही कमी होतो. रोटर तपासायला टोपण काढा, कॉइलची जाड वायर इन्सुलेटेड पकडीने रोटरच्या पितळी पट्टीपासून थोडी लांब धरा आणि सेल्फ मारा. ठिणगी पट्टीत सारखी उडत राहिली तर रोटर आतून शाफ्टला गळतोय, बाहेरून कितीही नवा दिसो.

पॉइंट घासायला बारीक कानस वापरा, पॉलिश पेपरची वाळू आत रुतून बसते. नंतर मधून कोरा कागद ओढून घ्या. गॅप साधारण ०.४ मिमी, पण तुमच्या गाडीचा आकडा असेल तो घ्या. गॅप बदलला की टायमिंग पण बदलतं, गॅप वाढला तर पुढे जातं, पॉइंटची टाच (कॅमवर घासणारा भाग) झिजून गॅप कमी झाला तर मागे येतं, त्यामुळे आधी गॅप मग टायमिंग, उलटं केलं तर काम दोनदा. आणि जेटमध्ये तार घालू नका रे बाबांनो, भोक मोठं झालं की पेट्रोल कायम जास्त, आणि तो जेट आता मिळत नाही हे लक्षात आल्यावर रडायला येतं.

भाग शोधताना गाडीचं नाव सांगून शोधू नका, माप सांगून शोधा. बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो, ६२०३ म्हणजे जगात कुठेही ६२०३. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी असं असतं, ३५-५२-७ वगैरे, तेवढं वाचून दुसऱ्या मशीनच्या दुकानात पण मिळतं. नंबर पुसला असेल तर व्हर्नियरने मोजा. पाइप आतल्या व्यासावर. गॅस्केट शीटवर ऑइल लावलेलं झाकण दाबलं की छाप उमटतो, कात्रीने कापा, हेड गॅस्केट सोडून. मात्र "जुना स्टॉक, पॅकबंद" म्हणून रबराची वस्तू घेताना हुरळून जाऊ नका, रबर खोक्यात पण म्हातारं होतं, वाकवून चिरा बघा.

जुगाड कुठे करायचा नाही ते एवढंच: ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि पेट्रोलची लाइन. ब्रेकची रबरं पेट्रोलने किंवा डिझेलने धुवू नका, फुगतात, ब्रेक ऑइलनेच पुसायची. आणि ते ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं म्हणून दोन वर्षांनी बदला, भाग मिळत नाहीत त्या गाडीत तर नक्कीच, कारण त्या पाण्यानेच सिलिंडर आतून गंजतो आणि मग तो शोधत फिरावं लागतं.

सध्या माझ्याकडे एकच गोष्ट उरलीय. गरम असताना बंद करून दहा मिनिटांनी चालू केली तर पाच सहा सेकंद सेल्फ खाते, पेडल दाबून धरलं की होते. माझा संशय कार्बोरेटरखालच्या तुकड्यावर आहे, मोजला तर ३ मिमी निघाला आणि स्टडवरचा जुना डाग बघता तिथे ८ तरी असणार. बेकलाइटची शीट मिळालीय, रविवारी कापायला बसतोय. कोणी हाताने कापला असेल तर भोकं पाडताना कडा फुटू नयेत म्हणून काय केलं ते सांगा, मी दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून ड्रिल मारायच्या विचारात आहे.